राब, पावडर आणि मातीतले सूत्रकृमी

आमच्याकडे भाताचं वर्ष आगीने सुरू होतं. शिमगा उलटला की मनोर, विक्रमगड, तलासरीकडच्या खाचरांत काळे पट्टे दिसू लागतात. हे राब. आता ते पुष्कळ कमी झाले आहेत, पण माझ्या लहानपणी रेल्वे रुळांच्या पूर्वेला पाऊल टाकलं की पावसाची चाहूल लागेपर्यंत धुराचा वास सोबत असायचा. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, आमच्या वाड्या. मी पालघरजवळच्या केळवे-माहीमची. घरी पानवेलीचा मळा, माड, केळी आणि खालच्या अंगाला थोडी भाताची खाचरं. पुढे कृषी खात्यात नोकरी केली, तीही बरीचशी बोईसर, तारापूर, चिंचणी, वाणगाव या पट्ट्यात. या भागातल्या माणसांनी मातीतल्या किडीशी कसकसा सामना केला, हे मी नोकरीत असल्यापासून टिपत आले आहे. त्यातूनच हे लिहिते आहे.

राब भाजायची रीत ठरलेली. ज्या तुकड्यात रोप करायचं तिथे आधी शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या नाहीतर मिळेल त्या झाडाच्या डहाळ्या, मग पातेरा, मग गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकाला पेटवायचं. मग आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू मागे सरकते, भडकत नाही, मातीखाली धुमसत राहते. वरची चार बोटं माती भाजून निघते. पुढे पावसाच्या तोंडावर तिथे बी फेकायचं. हे कशासाठी, असं विचारलं तर म्हातारी माणसं एका दमात तीन कारणं सांगत: तण जळतं, रोप जोमाने येतं, मातीतले किडे मरतात.

या डहाळ्यांवरून ठाणे जिल्ह्यात मोठा झगडा झालेला आहे. पालघर तेव्हा ठाण्यातच होतं, वेगळा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. 1878च्या वन कायद्यानंतर रानातली डहाळी तोडण्यावर बंधनं आली आणि राबाविना भात कसं पिकवायचं हा प्रश्न घेऊन गावंच्या गावं सरकारदरबारी अर्ज करू लागली. ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला. वनखात्याचं म्हणणं होतं की राब म्हणजे झाडांची नासाडी आणि शेतकऱ्याची जुनी खोड. 1889च्या अखेरीस विलायतेहून आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर देशभर फिरले, आणि 1893 साली छापलेल्या त्यांच्या अहवालातही राबाची चर्चा आहे.

प्रश्न प्रयोगशाळेत नेला तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयाने. प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांचा पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवरचा प्रबंध 1912 साली प्रसिद्ध झाला. हे कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनामुळे देशभर ओळखले गेले. राखेतून मिळणाऱ्या खताइतकंच माती तापण्यालाही स्वतःचं महत्त्व आहे, हे या कामातून पुढे आलं. त्याच सुमाराला, 1909 साली, इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे रसेल आणि हचिन्सन यांनी मांडलं होतं की माती तापवली की जिवाणूंना खाणारे सूक्ष्म प्राणी मरतात आणि जिवाणू वाढीला लागतात. त्यांच्या सिद्धांतातला तपशील पुढे टिकला नाही. पण मातीत खाणारे आणि खाल्ले जाणारे यांची एक वस्ती आहे, ही दृष्टी तिथून आली. ज्या चालीला खोड म्हटलं गेलं, ती त्या काळच्या सर्वांत नव्या विज्ञानाच्या प्रश्नाला जाऊन भिडली होती. पालघरच्या वारली, मल्हार कोळी, कोकणा शेतकऱ्यांचं नाव मात्र त्या चर्चेत कुठे येत नाही. मला याची खंत वाटते.

राबाबद्दल मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट त्याच्या आकाराची आहे. दहा गुंठे लावणीला साधारण एक गुंठा रोप पुरतं. म्हणजे आग लागायची ती दहाव्या हिश्श्याला. उरलेली खाचरं, बांध, बांधावरची शिंदी आणि ताड, वरकस जमीन, आमच्या वाड्यांमधली सावली, या सगळ्याला आगीचा स्पर्श नसे. मारायचं ते रोपाच्या जागी, कोवळं रोप तगावं म्हणून, आणि बाकी जमीन आपली आपण सांभाळत असे. त्या न भाजलेल्या जमिनीत काय काय राहत होतं हे पाहायला पुढे कितीतरी वर्षं जावी लागली.

मधल्या काळात पावडर आली. स्वातंत्र्यानंतर बीएचसीची दहा टक्क्यांची भुकटी गावोगाव पोचली. भातावर, भाजीवर, उकिरड्यावर, मुंग्यांच्या वारुळावर, जिथे म्हणून किडा दिसे तिथे ती धुरळली जाई. कापडाच्या पुरचुंडीत बांधून काठीने झटकत बांधाबांधाने जाणारी माणसं मला आठवतात. तोंडाला फडकंही नसायचं. मग दाणेदार औषधं आली. फोरेटला सगळे थायमेट म्हणत. कार्बोफ्युरानही होतं. खोडकिड्यासाठी दिलेलं थायमेट खेकड्यांच्या बिळातही जाई, आणि पानमळ्याच्या सऱ्यांतही.

हे इतक्या झपाट्याने का झालं, याचं एक कारण बोईसरमध्ये आहे. 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहतीत कापडाचे, रंगांचे, औषधांचे, रसायनांचे कारखाने उभे राहू लागले. राब हे माणसांचं काम आहे. झाडावर चढून डहाळी तोडायला, भारे वाहायला, शेण-पातेरा गोळा करायला, राखण करत भाजायला घरचे सगळे हात लागतात. ते हात पाळीवर जाऊ लागले. रविवारची एक सुट्टी आणि एक पिशवी दाणे, एवढ्यात शेत उरकू लागलं. मी यात कुणाला दोष देत नाही. महिन्याच्या पगाराने कितीतरी घरांची मुलं शिकली. फक्त एक फरक झाला आणि तो मोठा होता. आग दहाव्या हिश्श्याला लागत होती, दाणे दहाही हिश्श्यांत पडले.

बीएचसीवर 1997 साली बंदी आली, फोरेटची विक्री 2020च्या अखेरीस बंद झाली. मधली काही दशकं ही औषधं आमच्या मातीत मुरत राहिली.

पानमळ्याचंच पाहा. पानवेलीच्या मुळांना गाठी येतात. वेल पिवळी पडते, पान लहान निघतं, उपटून पाहिलं तर मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी. हे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं काम. माझे बाबा त्यावर निंबोळी पेंड घालत, करंजाची आणि एरंडीचीही घालत. कडेने झेंडू लावत, कारण झेंडूच्या मुळांतून पाझरणारा रस त्या कृमीला सोसत नाही. पुढे शिफारस म्हणून कार्बोफ्युरान आलं. त्यामुळे केळव्या-माहीमपासून डहाणूपर्यंतच्या बागायतदाराला सूत्रकृमी म्हटलं की शत्रूच आठवतो. आणि जे औषध शत्रू कृमीला मारत होतं, ते मित्र कृमीला ओळखून सोडून देणार नव्हतं.

मित्र कृमी म्हणजे किडीला रोग लावून मारणारे सूत्रकृमी. कृषी खात्यात आणि दुकानात आता त्यांना ईपीएन म्हणतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबी, नुसत्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारे. मातीत फिरणारी त्यांची अवस्था काही खात नाही. पोटात मात्र ती एका जातीचे जिवाणू बाळगून असते. अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून, श्वासाच्या छिद्रांतून ती आत शिरते. हेटरोरॅब्डिटिस गटातल्या कृमींना तर अळीची पातळ कातडी फोडायला एक दातही असतो. आत गेली की ती जिवाणू सोडते, आणि ते अळीच्या रक्तात वाढून एक-दोन दिवसांत तिला मारतात. मग त्या मेलेल्या अळीत कृमींच्या पिढ्या वाढतात आणि साधारण दोन आठवड्यांत अळी मोठी असेल तर लाखाच्या घरात नवे कृमी बाहेर पडतात. कृमीवाचून जिवाणू मातीत टिकत नाहीत आणि जिवाणूवाचून कृमी वाढत नाहीत. स्टेनरनेमा या दुसऱ्या गटातल्या कृमींनी मारलेली अळी तपकिरी पडते. हेटरोरॅब्डिटिसने मारलेली विटकरी लाल होते आणि पूर्ण अंधारात डोळे सरावले की तिला मंद उजेड येतो. तो तिच्यातल्या जिवाणूंचा. माणूस, गुरं, गांडूळ, रोपाची मुळं यांना या कृमींपासून धोका नाही.

या कृमींची ओळख जगाला सावकाश झाली. 1923 साली गॉटहोल्ड स्टायनर यांनी त्यांच्यातल्या एकाचं वर्णन केलं. 1929 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हॅडनफिल्डजवळ रुडॉल्फ ग्लेझर यांना जपानी भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळ्यांत ते सापडले. परदेशातून आलेला हा भुंगेरा तिथे 1916 साली पहिल्यांदा आढळला होता आणि पिकं फस्त करत होता. ग्लेझर यांनी कृमी अळीबाहेर, तयार खाद्यावर वाढवून शेतात सोडून पाहिले. काम जमत आलं होतं. मग डीडीटीचा जमाना आला आणि ते मागे पडलं. जी पावडर आमच्या बांधांवर पोचली, तिच्याच भावंडाने तिकडे हे संशोधन बाजूला सारलं.

भारतात हे कृमी आले ते एका आकड्याच्या नावाने. 1955 साली डटकी आणि हफ यांनी सफरचंदावरच्या अळीतून मिळवलेला डीडी-136 हा वाण इथे आणला गेला. बेंगळुरूच्या राष्ट्रकुल जैविक नियंत्रण केंद्रातले व्ही. पी. राव आणि टी. एम. मंजुनाथ यांनी 1966 साली त्याच्याबद्दल लिहिलं. भात, ऊस, सफरचंद यांवरच्या किडींवर तो वापरून पाहिला. पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेतही प्रयोग झाले. बाहेरच्या थंड मुलखातून आलेला हा कृमी ऊन आणि कोरडेपणा सोसत नव्हता. त्याला उत्तर मिळालं ते आपल्याच जमिनीत. कोइमतूरला उसाच्या शेंडा पोखरणाऱ्या अळीतून मिळालेल्या जातीचं वर्णन 1992 साली पॉइनार, करुणाकर आणि डेव्हिड यांनी केलं आणि तिचं नाव ठेवलं हेटरोरॅब्डिटिस इंडिका. आपल्या उष्णतेत टिकणारी. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने पुढे तिची पाण्यात मिसळायची भुकटी तयार केली. आज सांगली-कोल्हापूरकडे उसातल्या हुमणीसाठी शेतकरी ईपीएन मागतो तेव्हा बहुतेक वेळा हीच जात त्याच्या हातात पडते.

आता परत आमच्याकडे. उंबरगाव तालुका 1960 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, राज्यं वेगळी झाली तेव्हा गुजरातेत गेला. तिथल्या देहरी गावात भास्कर सावे यांची कल्पवृक्ष वाडी आहे. सावे आधी रासायनिक शेती करत होते. ती सोडून त्यांनी माड आणि चिकूची बाग अशी उभी केली की नांगर नाही, पाणी बेताचं, आणि पडलेलं पान झाडाखालीच राहिलेलं. 2015 साली ते गेले. सावे यांची शिकवण गांडुळाची आणि मुळांची होती. तिथली माती डोळ्यांपुढे आणली की मित्र सूत्रकृमींना लागतं ते सगळं तिथे दिसतं: सावली, ओल, हवा खेळती राहील इतकी भुसभुशीत माती, आणि वर्षभर कुठली ना कुठली अळी. कोसबाडच्या टेकडीवर 1976 पासून कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही पालापाचोळा जाळू नका हे शेतकऱ्यांना सांगत आले आहेत. कुठलं तरी औषध विकत आणण्याआधी हे घर शाबूत ठेवणं, हा माझ्या मते कीडनियंत्रणाचा पहिला आणि मोठा भाग आहे.

आपल्या मातीत हे कृमी आहेत का, हे पाहायची रीत बेडिंग आणि अखर्स्ट यांनी 1975 साली सांगून ठेवली आहे, आणि ती कोणालाही करता येईल इतकी साधी आहे. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यात मेणपतंगाच्या अळ्या होतात. बरणीत ओलसर माती भरायची, त्यात त्या अळ्या सोडायच्या, झाकण सैल ठेवून सावलीत ठेवायची. माहीमच्या आमच्या वाडीतली माती मी अशी तपासली. माडाच्या आळ्याजवळच्या, पाल्याखालच्या मातीत टाकलेल्या अळ्यांपैकी काही विटकरी लाल झाल्या. उघड्या खाचरातल्या मातीत तसं काही झालं नाही. दिवे मालवून पाहिलं, आणि डोळे सरावल्यावर तो उजेडही दिसला. आमच्या उकिरड्यात गेंडा भुंग्याच्या जाड पांढऱ्या अळ्या मी लहानपणापासून पाहत होते. कोंबड्या त्या वेचून खात. माडाच्या शेंड्यातून लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढणारा माणूसही दरवर्षी यायचा. पण आमच्याच पाल्याखाली असा शिकारी राहतो हे मला नोकरीची सगळी वर्षं सरल्यावर दिसलं, आणि ते पाहून मला अतिशय आनंद झाला.

वाणगाव-चिंचणीकडे मिरची आणि ढोबळी मिरची मोठ्या प्रमाणावर होते. लावणीनंतरच्या दिवसांत रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं, बुंध्याशी कापलेलं. कुरतडणारी अळी दिवसा ढेकळाखाली असते, वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. अशा एका बागायतदाराला मी ईपीएनचं सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, सूत्रकृमीपायी माझी शेडनेट दोन वर्षं रिकामी राहिली, आणि तुम्ही तेच विकत आणायला सांगता?" त्याचं म्हणणं रास्त होतं. मी त्याला बरणीतल्या लाल अळ्या दाखवल्या आणि त्याच्या मिरचीच्या मुळावरच्या गाठी शेजारी ठेवल्या. मग त्याने दोन ओळींत करून पाहायचं कबूल केलं.

या वापरात चुकण्यासारखं पुष्कळ आहे. पिशवीत जिवंत प्राणी असतात. तळपत्या टेम्पोत दिवसभर पडलेली पिशवी वरून नवी दिसते आणि आत सगळे मेलेले असतात. म्हणून थोडी भुकटी पाण्यात घालून भिंगाखाली वळवळ पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. हुमणीसाठी मातीत फिरून शिकार शोधणारा हेटरोरॅब्डिटिस चांगला. कुरतडणाऱ्या अळीसारख्या, वरच्या थरात फिरणाऱ्या किडीसाठी स्टेनरनेमाची कार्पोकाप्सी ही जात बरी, ती शेपटीवर उभी राहून वाट पाहते. साधारण प्रमाण हेक्टरी अडीच अब्ज कृमी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पंचवीस. पंपातली बारीक जाळी काढून टाकावी. ऊन उतरल्यावर, आधीच ओल्या जमिनीवर द्यावं आणि पुढचे काही दिवस ओल राखावी. भाताच्या चिखलात, साचलेल्या पाण्यात त्यांच्याकडून फार आशा नको, त्यांना हवा लागते. पण आश्विनात पाणी निघून गेल्यावर लष्करी अळी दिवसा चुडांच्या बुंध्याशी आणि भेगांत लपते, रात्री वर चढून लोंब्या कापते. तेव्हा बांधालगतची ओलसर माती त्यांच्या कामाची असते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी घडवलेल्या एसआरटी पद्धतीत भात चिखलणी न करता गादीवाफ्यावर घेतात, जुनी मुळं जमिनीतच ठेवतात. पालघरमधल्या ज्या शेतकऱ्यांनी ती धरली आहे त्यांच्या जमिनीत या कृमींना अधिक संधी आहे असं मला वाटतं.

वाणगावच्या त्या बागायतदाराने पुढच्या हंगामात कृमी सगळ्या शेतावर सोडले नाहीत. रोप जिथे कापलं जात होतं तेवढ्याच ओळी त्याने भिजवल्या, बाकीच्या ओळींत गवताचं आच्छादन घातलं. राबाच्या दहाव्या हिश्श्याबद्दल मी त्याला काही बोलले नव्हते. त्याच्या आज्याने मात्र राब भाजलेले होते.

कोइमतूरच्या मातीतला कृमी कोइमतूरच्या शेतकऱ्यांच्या कामी आला. पालघर तालुक्यात वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस, मग आठ महिने कोरडे, आणि किनाऱ्यालगत खारट वारा. यात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले कृमी आमच्या बांधांत आहेत. ते गोळा करून, ओळखून, वाढवून ठेवायला हवेत. पालघरच्या कृषी संशोधन केंद्राने आणि कोसबाडने हे काम हाती घ्यावं, डहाणू-बोईसरच्या महाविद्यालयांतल्या जीवशास्त्राच्या मुलांना सोबत घ्यावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. खर्च बरण्यांचा आणि मेणपतंगाच्या अळ्यांचा. माती गोळा करायची ती पाऊस ओसरताना, नवरात्राच्या सुमारास. तेव्हा जमिनीत ओल असते आणि हुमणीच्या अळ्याही मोठ्या झालेल्या असतात.